‘समाजाची संमती’ म्हणजे नेमकी कुणाची?

भारतातल्या एखाद्या स्त्रीवर अन्याय झाला, ठाण्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळे दरवाजे ठोठावून झाले आणि तरीही न्याय मिळाला नाही, तर ती पुढे कुठे जाऊ शकते? संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार करारांखाली नेमलेल्या एकाही समितीकडे ती स्वतःच्या नावाने तक्रार नेऊ शकत नाही. बांगलादेशातली स्त्री नेऊ शकते. नेपाळमधली, श्रीलंकेतली, मालदीवमधली नेऊ शकते. भारतातली आणि पाकिस्तानातली नेऊ शकत नाही. ज्या पाकिस्तानशी तुलना केली की आपल्या राज्यकर्त्यांच्या अंगाचा तिळपापड होतो, त्याच्याच रांगेत आपला देश या प्रश्नावर गुपचूप उभा आहे.

ही स्थिती कुणाच्या नजरचुकीने आलेली नाही. ‘सीडॉ’ या नावाने ओळखला जाणारा, स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८ डिसेंबर १९७९ रोजी मंजूर केला. भारताने ३० जुलै १९८० रोजी त्यावर सही केली. सहीनंतर तो बंधनकारक म्हणून स्वीकारायला ९ जुलै १९९३ उजाडला, म्हणजे तेरा वर्षे गेली. मूळ करारात सरकारांनी ठरावीक वर्षांनी अहवाल द्यायचा आणि समितीने त्यावर प्रश्न विचारायचे, एवढीच सोय होती. अहवाल लिहिणारे सरकार आणि उत्तरे देणारेही सरकार. जिच्यावर अन्याय झाला ती बाई या सगळ्यात कुठेच नव्हती.

ती जागा १९९९ च्या जोडकराराने तयार केली. ‘ऑप्शनल प्रोटोकॉल’ नावाचा हा जोडकरार २२ डिसेंबर २००० पासून लागू झाला. एखादी स्त्री, स्त्रियांचा गट किंवा त्यांच्या वतीने दुसरे कुणी या कराराखाली थेट समितीकडे लेखी तक्रार करू शकते. आधी देशातले न्यायाचे मार्ग संपवावे लागतात. पण ते अवास्तव लांबले असतील किंवा त्यातून काही हाती लागण्याची शक्यताच नसेल, तर ही अट आड येत नाही. तक्रारदाराच्या जिवाला किंवा हक्काला भरून न येणारी हानी होणार असेल, तर समिती निकालाआधीच सरकारला तातडीची पावले उचलायला सांगू शकते. निकाल दिल्यावर सहा महिन्यांत काय केले ते सरकारला लेखी कळवावे लागते. याशिवाय एखाद्या देशात स्त्रियांच्या हक्कांचे गंभीर किंवा पद्धतशीर उल्लंघन होत असेल, तर समिती स्वतः चौकशी करू शकते. जोडकराराला कुठलीही राखीव अट घालता येत नाही. चौकशीचा भाग नाकारायची तेवढी मुभा आहे आणि बांगलादेशाने ती वापरली आहे. भारताने तर या कागदावर सहीसुद्धा केलेली नाही.

इतर करारांची कथाही अशीच आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या करारात भारत १९७९ साली सामील झाला, पण वैयक्तिक तक्रारीची सोय असलेल्या त्याच्या जोडकरारात नाही. वांशिक भेदभावाविरुद्धचा करार भारताने १९६८ साली स्वीकारला, पण तक्रारीला वाट देणाऱ्या त्याच्या कलम १४ खालची घोषणा केली नाही. तत्त्व मान्य करायचे आणि तक्रार ऐकायची वेळ आली की कानात बोळे घालायचे, ही पद्धत सत्तेत कुठलाही पक्ष असला तरी बदललेली नाही.

आता या स्तंभाच्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट. १९९३ साली सीडॉ स्वीकारताना भारताने त्याला काही घोषणा जोडल्या. कलम ५(अ) आणि कलम १६(१) यांच्याबद्दल भारत म्हणतो, की ही कलमे आम्ही पाळू, पण कुठल्याही समाजाच्या खाजगी बाबींमध्ये त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप न करण्याचे आमचे धोरण सांभाळून. विवाहनोंदणी सक्तीची करण्याबद्दलच्या कलम १६(२) वर उत्तर असे, की तत्त्व मान्य, पण एवढ्या मोठ्या, नाना रूढी-धर्मांच्या आणि कमी-जास्त साक्षरतेच्या देशात ते व्यवहार्य नाही. नेदरलँड्सने १९९४ साली यावर लेखी हरकत घेतली, की तुम्ही पाचव्या आणि सोळाव्या कलमाबद्दलच्या या अटींना घोषणा म्हणत असलात, तरी त्या कराराच्या मूळ हेतूलाच छेद देणाऱ्या राखीव अटी आहेत. आंतरराष्ट्रीय कायद्यात अशा राखीव अटीला ‘रिझर्व्हेशन’ म्हणतात. ज्यांना आपल्या आरक्षणाची उठता-बसता अडचण होते, त्यांनी स्वतःसाठी काय राखून ठेवले आहे ते यातून कळते.

ही कलमे सांगतात काय? कलम ५(अ) म्हणते, की एक लिंग श्रेष्ठ आणि दुसरे कनिष्ठ या कल्पनेवर उभे असलेले पूर्वग्रह आणि रूढी सरकारने मोडून काढाव्यात. कलम १६(१) म्हणते, की विवाह आणि कुटुंब यात स्त्रीला पुरुषाइतकेच हक्क असावेत. त्यात जोडीदार स्वतःच्या मर्जीने निवडण्याचा हक्क आहे आणि विवाह मोडतानाही समान हक्क आहेत. नेमक्या याच दोन ठिकाणी भारत सरकार थबकले. आरोग्य, शिक्षण, मतदान, नोकरी यांच्या कलमांवर अशी घोषणा नाही. अडचण आली ती रूढीपाशी आणि लग्नापाशी.

आंबेडकरी वाचकाला यात आश्चर्य वाटू नये. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीवरच्या निबंधात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी दाखवून दिले होते, की जात टिकते ती सजातीय विवाहाच्या सक्तीवर. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या रूढी म्हणजे ती सक्ती टिकवण्यासाठी स्त्रीच्या देहावर बसवलेली यंत्रणा आहे, असा त्यांचा सिद्धांत. स्त्रीच्या विवाहावरचे नियंत्रण काढून घेतले तर जातीच्या पायाखालची जमीन सरकते. म्हणून सीडॉच्या सोळाव्या कलमाला घातलेली अट ही जातीव्यवस्थेला दिलेले अभय आहे, मग ती लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात काहीही असो. ‘वैयक्तिक कायदे’, ‘अल्पसंख्याकांच्या भावना’ ही कारणे पुढे केली जातात. बहुसंख्य हिंदू समाजाच्या जातीच्या कुंपणाला त्याच कागदाने संरक्षण दिले, याची चर्चा होत नाही.

आणि ‘समाजाचा पुढाकार आणि संमती’ म्हणजे कुणाची? समाजाच्या वतीने कोण बोलते? जातपंचायतीत बसलेले पंच? खाप? मठाधिपती? मौलवी? की त्या समाजातल्या बाया?

बायांची संमती हवी असेल तर ती कधीच देऊन झाली आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, त्या सत्याग्रह परिषदेला दलित स्त्रिया हजर होत्या. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. हजारो स्त्रिया जमल्या. त्यांनी घटस्फोटाच्या हक्काचा ठराव केला, बहुपत्नीत्वाच्या बंदीचा केला, कामगार स्त्रियांच्या रजेचा आणि सोयींचा केला. सीडॉ जन्माला येण्याच्या सदतीस वर्षे आधी सोळाव्या कलमाचा गाभा या बायांनी नागपुरात ठराव म्हणून मांडला होता. याला पुढाकार म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात? पुढे त्याच मागण्या हिंदू कोड बिलातून कायदा व्हाव्यात म्हणून बाबासाहेब झगडले आणि बिल लटकवले गेल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तेव्हाही विरोधकांचा मुद्दा हाच होता: समाजाची तयारी नाही. १९५१ मध्ये संसदेत जे बोलले गेले, तेच १९९३ मध्ये न्यूयॉर्कला लेखी पाठवले गेले.

बरे, हे सरकार खरेच लोकांच्या लग्नात हस्तक्षेप करत नाही का? उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यानुसार धर्म बदलायचा असेल तर साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते, आणि त्याचा पहिला फटका प्रेमविवाह करणाऱ्या मुला-मुलींना बसतो. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह करणाऱ्या जोडप्यांची माहिती गोळा करणारी समन्वय समिती काढली. टीका झाल्यावर काही दिवसांतच ‘आंतरजातीय’ हा शब्द काढला, ‘आंतरधर्मीय’ तसाच ठेवला. सज्ञान मुलीने कुणाशी लग्न केले याची नोंद ठेवायला सरकारला कुठल्या समाजाची संमती लागली नाही. दुसऱ्या बाजूला, जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानेच २०१६ साली कायदा केला आणि समाजाच्या ‘खाजगी बाबीं’मध्ये योग्य कारणासाठी हात घालता येतो हेही दाखवले. म्हणजे हस्तक्षेप करायचा की नाही हे संमतीवर ठरत नाही. त्या हस्तक्षेपाने जात मजबूत होते की खिळखिळी होते, यावर ते ठरते.

‘देशात एवढे कायदे, एवढी न्यायालये, एवढे आयोग असताना बाहेरच्या तक्रारीची गरज काय?’ हा पुढचा प्रश्न. उत्तरादाखल चार प्रकरणे पाहू.

पहिले राजस्थानातल्या भटेरीचे. भंवरीदेवी या कुंभार जातीच्या, सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या. एका गुज्जर कुटुंबातला बालविवाह थांबवायचा प्रयत्न त्यांनी केला आणि सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. नोव्हेंबर १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला हात लावतील हे पटत नाही, अशा आशयाचा तर्क त्या निकालात होता. अपील उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे पडून राहिले, काही आरोपी दरम्यान मरून गेले. दुसरे आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीचे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावाने मारले. २००८ मध्ये शिक्षा झाल्या, २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची कैद दिली. पण ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही आणि मायलेकींवरच्या लैंगिक अत्याचाराचा आरोपही टिकला नाही. तिसरे आंध्र प्रदेशातल्या एका अंध दलित तरुणीचे. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलात्काराची जन्मठेप कायम केली. जात, लिंग आणि अपंगत्व एकत्र येऊन अन्याय कसा घडतो यावर कितीतरी पाने लिहिली. आणि शेवटी गुन्हा जातीमुळे घडल्याचा पुरावा नाही म्हणून ॲट्रॉसिटीखालची शिक्षा रद्द केली. चौथे हाथरसचे. मार्च २०२३ च्या निकालात चारपैकी तिघे सुटले. एकाला सदोष मनुष्यवध आणि ॲट्रॉसिटीखाली शिक्षा झाली, बलात्काराचा आरोप मात्र मान्य झाला नाही.

हे चारही निकाल शेजारी ठेवून वाचा. भटेरीत जात हाच बाईवर अविश्वास दाखवण्याचा पुरावा झाला. खैरलांजीत जातही गेली आणि बाईपणही गेले. आंध्रात बाई दिसली, जात दिसली नाही. हाथरसमध्ये जात दिसली, बलात्कार दिसला नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात ‘जातीच्या कारणावरून’ या अटीच्या जागी ‘जात माहीत असताना’ अशी सुधारणा २०१६ पासून लागू झाली, ती चळवळीने मिळवलेली मोठी गोष्ट आहे. पण दोन डोळ्यांनी एकाच वेळी पाहायची सवय आपल्या न्यायव्यवस्थेला अजून लागलेली नाही. आयोगांचेही तेच. महिला आयोग वेगळा, अनुसूचित जाती आयोग वेगळा. दलित स्त्री एका खिडकीवर गेली की तिला दुसरी खिडकी दाखवली जाते.

बाहेरच्या समितीपुढे काय घडते ते आता पाहू. जानेवारी २००१ मध्ये हंगेरीत एका रोमा समाजाच्या स्त्रीला रक्तस्राव होत असताना रुग्णालयात नेले. पोटातले मूल मेले होते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर एका कागदावर सही घेतली. त्यावर डॉक्टरने हाताने लिहिलेल्या मजकुरात नसबंदीसाठी लॅटिन शब्द वापरला होता. रुग्णालयात पोहोचल्यापासून शस्त्रक्रिया संपेपर्यंत सतरा मिनिटे गेली. मूल होणार नाही हे तिला नंतर कळले. देशातल्या न्यायालयात ती हरली. सीडॉ समितीने २००६ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. पुढे हंगेरीने कायदा सुधारला आणि तिला भरपाई दिली.

दुसरे प्रकरण ब्राझीलचे. ॲलिन दा सिल्वा पिमेंटेल ही आफ्रिकी वंशाची, गरीब वस्तीतली, सहा महिन्यांची गरोदर स्त्री. नोव्हेंबर २००२ मध्ये खाजगी दवाखान्याने तिच्या दुखण्याकडे वेळेवर लक्ष दिले नाही. मग सरकारी रुग्णालयात पाठवली, तिथे खाट नाही म्हणून ती कॉरिडॉरमध्ये तासन् तास पडून राहिली आणि मेली. आईने तक्रार समितीपर्यंत नेली. २०११ च्या निकालात समितीने सांगितले, की दवाखाना खाजगी असला तरी सरकार हात झटकू शकत नाही. शिवाय ही बाई स्त्री होती, आफ्रिकी वंशाची होती आणि गरीब होती, या तिन्ही कारणांनी तिच्याशी भेदभाव झाला. २०१४ साली ब्राझीलने तिच्या आईला भरपाई दिली. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्याच्या दारात ताटकळलेल्या आदिवासी आणि दलित बाळंतिणींची नावे ज्यांना आठवत असतील, त्यांना या निकालाचे मोल वेगळे सांगायला नको.

या दोन निकालांमधला फरकही पाहण्यासारखा आहे. २००६ मध्ये समितीने रोमा स्त्रीला न्याय दिला, पण ती रोमा होती म्हणून हे घडले का, या प्रश्नावर काही म्हटले नाही. २०११ मध्ये तिने वंश आणि गरिबी यांची नावे घेतली. मधल्या काळात, २०१० च्या आपल्या अठ्ठाविसाव्या सामान्य शिफारशीत, समितीने स्त्रीवरच्या भेदभावाशी गुंतलेल्या गोष्टींच्या यादीत वंश, धर्म, वर्ग यांच्याबरोबर ‘जात’ हा शब्दही लिहिला. आंतरराष्ट्रीय कायदा आभाळातून पडत नाही. बाया तक्रारी नेतात, वकील भांडतात, समिती एकेका प्रकरणातून शिकते. रोमा, काळ्या आणि आदिवासी बाया हा कायदा घडवत आहेत. जातीचे काय? ‘जात’ त्या यादीत आहे, पण भारतातल्या जातीबद्दल एकही निकाल नाही, कारण भारतातल्या स्त्रीला तक्रारच करता येत नाही. जगातली सर्वात जुनी, सर्वात मोठी भेदभावाची व्यवस्था त्या कायद्यात एका स्वल्पविरामाच्या मागेपुढे उभी आहे. सरकारला हेच हवे असेल तर नवल नाही. खैरलांजीसारखे एक प्रकरण जरी तिथे उभे राहिले असते, तरी जात आणि लिंग मिळून काय करतात यावरचा निकाल जगातल्या प्रत्येक विधी महाविद्यालयात शिकवला गेला असता.

‘समाजाच्या खाजगी बाबी’ हा युक्तिवाद बाहेर टिकत नाही, हेही सरकारला ठाऊक असणार. कॅनडात मूळनिवासी स्त्रीने समाजाबाहेरच्या पुरुषाशी लग्न केले तर कायद्याने तिचा मूळनिवासी दर्जा जायचा; पुरुषाने तसेच केले तर जायचा नाही. सँड्रा लव्हलेस यांनी ही तक्रार मानवी हक्क समितीकडे नेली. १९८१ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि १९८५ मध्ये कॅनडाला कायदा बदलावा लागला. कुणाशी लग्न केले यावरून बाईला समाजाबाहेर टाकणे म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागणार नाही.

हे सगळे सांगताना भाबडेपणा नको. समितीच्या निकालाची अंमलबजावणी करायला कुणी पोलीस येत नाही. ॲलिनच्या आईला भरपाई मिळायला मुलीच्या मृत्यूनंतर बारा वर्षे लागली. जोडकरार उद्या स्वीकारला तरी त्याआधी घडून संपलेल्या घटनांना तो सहसा लागू होणार नाही. पण ज्या निकालाला काही किंमत नाही, त्याची एवढी भीती कशाला वाटते? सप्टेंबर २०२० मध्ये हाथरसच्या मुलीचा देह पोलिसांनी रात्री जाळल्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या भारतातल्या प्रतिनिधीने चिंता व्यक्त केली, तर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने ती टिप्पणी अनाठायी ठरवली. २००१ साली डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा विषय येऊ नये म्हणून आपल्या सरकारने आटापिटा केला. वांशिक भेदभावाच्या व्याख्येत जन्माधारित ‘वंशपरंपरा’ हा शब्द १९६५ साली भारताच्याच दुरुस्तीने आला होता, आणि २००२ मध्ये संबंधित समितीने त्यात जात येते असे स्पष्ट केले, तर भारत स्वतःच दिलेल्या शब्दापासून पळत सुटला. निकाल बिनमहत्त्वाचे असते तर एवढी धावपळ झाली नसती.

‘घरचे भांडण बाहेर नेऊ नका’ म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनीच उत्तर देऊन ठेवले आहे. गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचा प्रश्न लंडनला त्यांनीच नेला. १९४६ साली, संयुक्त राष्ट्रांना एक वर्षही पुरते झाले नव्हते तेव्हा, त्यांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली आणि अस्पृश्यही तसाच विचार करत असल्याचे कळवले. जगाच्या व्यासपीठावर तक्रार नेणे हा देशद्रोह असेल, तर संविधानाच्या शिल्पकाराने तो करायचा विचार केला होता असे म्हणावे लागेल. आणि आंतरराष्ट्रीय कायदा व करारांतली कर्तव्ये यांच्याविषयी आदर वाढवा, हे त्याच संविधानाच्या कलम ५१ मध्ये लिहिलेले आहे.

आता सवर्ण स्त्रीवादी मित्र-मैत्रिणींशी दोन शब्द. १३ ऑगस्ट १९९७ चा विशाखा निकाल हा सीडॉचा भारतातला सर्वात मोठा विजय म्हणून प्रत्येक कार्यशाळेत सांगितला जातो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची नियमावली त्यातून आली, २०१३ चा कायदा आला, शहरातल्या लाखो नोकरदार स्त्रियांना त्याचा आधार झाला. त्या निकालात भंवरीदेवींचे नाव नाही, जात नाही. राजस्थानातल्या एका खेड्यातली एक समाजकार्यकर्ती, एवढाच उल्लेख आहे. कुंभार बाईच्या अंगावरच्या जखमेतून देशाला कायदा मिळाला आणि तिला स्वतःला निकाल मिळाला नाही. हे वाक्य वाचून कुणाला अपराधी वाटावे अशी इच्छा नाही. जिनिव्हाला जाणारे पर्यायी अहवाल कोण लिहिते, त्यात ‘तसेच दलित, आदिवासी स्त्रिया’ हे शेपूट कुठल्या पानावर येते, आणि सीडॉच्या पाचव्या-सोळाव्या कलमावरची घोषणा मागे घ्या असे सांगताना जातीचे नाव घेतले जाते की नाही, एवढे तपासावे. १९९५ मध्ये रूथ मनोरमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅशनल फेडरेशन ऑफ दलित विमेन उभारले आणि त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक परिषदेत दलित स्त्रियांचा आवाज पोहोचला, तो काही कुणी आदराने बोलावून जागा दिली म्हणून नव्हे.

आणि आपल्या चळवळीतल्या भावांनाही सांगायचे आहे. सीडॉचे दुसरे कलम सरकारला सांगते, की व्यक्ती, संघटना किंवा उद्योग, कुणाकडूनही होणारा भेदभाव थांबवा. ‘संघटना’ या शब्दात आपल्याही संघटना येतात. कार्यकर्तीने तक्रार केली की ‘आत्ता नको, शत्रूला आयते कोलीत मिळेल’ असे म्हणणे आणि भारत सरकारने ‘देशाची बदनामी होईल’ असे म्हणणे, यात तत्त्वाचा काही फरक नाही. जे आपण दिल्लीकडे मागतो ते आधी आपल्या शाखेत, वसतिगृहात, पक्षाच्या कार्यालयात असले पाहिजे.

मागण्या तीन आहेत आणि त्यातली एकही नवी नाही. सीडॉच्या कलम ५(अ) आणि १६ वरच्या घोषणा बिनशर्त मागे घ्याव्यात. सीडॉचा जोडकरार चौकशीच्या भागासकट स्वीकारावा. वांशिक भेदभावविरोधी कराराच्या कलम १४ खालची घोषणा करावी. सीडॉ समितीने २०००, २००७ आणि २०१४ मध्ये भारताची झाडाझडती घेतली. बाहेरून बोलणारे बोलत राहतील. दिल्लीला हलवायचे तर मागणी आतून यावी लागेल. २५ डिसेंबरला भारतीय स्त्री मुक्ती दिन पाळणाऱ्या संघटनांनी यंदा हे तीन ठराव करावेत, आपापल्या भाषेत करावेत आणि आपल्या खासदाराच्या हातात देऊन पोच घ्यावी. बिहार, तामिळनाडू, पंजाब, तेलंगणात जिथे जिथे आपले लोक वाचतात तिथे ते जावेत, कारण करार स्वीकारायचा निर्णय केंद्राचा आहे आणि एकट्या महाराष्ट्राने तो होणार नाही.

तोवर हात बांधून बसायचे कारण नाही. स्त्रियांवरील हिंसेसाठीच्या विशेष प्रतिवेदकाला पत्र लिहायला जोडकरार लागत नाही. त्यांना कुणीही लिहू शकते आणि ते सरकारला उत्तर मागू शकतात. त्यासाठी लागतात कागद. एफआयआरची प्रत, वैद्यकीय अहवाल, ॲट्रॉसिटीचे कलम का लावले नाही याचे पोलिसांचे लेखी उत्तर, सुनावणीच्या तारखांची यादी. आपल्याकडे घटना घडली की मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते आणि फाइल कुणाच्या तरी घरी राहते. प्रत्येक जिल्ह्यात दोन-तीन जणींनी या फाइली सांभाळायचे काम अंगावर घ्यावे. दरवाजा उघडेल त्या दिवशी आपल्या हातात तक्रार तयार असली पाहिजे.

नागपूरच्या परिषदेतल्या त्या बायांनी १९४२ मध्ये संमती दिली आहे. आता सरकारने कुणाची वाट पाहावी?

जय भीम.